निसर्गाचे दप्तर
पावसाच्या आणि समुद्राच्या जुन्या नोंदी शास्त्रज्ञ कशा वाचतात?

हैदराबाद शहराच्या इतिहासात २८ सप्टेंबर १९०८ हा दिवस मुसी नदीच्या महापुराचा दिवस म्हणून ओळखला जातो. नदीकाठच्या वस्त्या त्या दिवशी वाहून गेल्या आणि हजारो माणसे प्राणांस मुकली. असा प्रसंग पुन्हा ओढवू नये यासाठी काय करावे, याचा सल्ला घेण्यासाठी निजाम सरकारने विख्यात अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. त्यांच्या योजनेस अनुसरून शहराच्या वरच्या अंगास दोन मोठे जलाशय बांधण्यात आले. मुसीवरील उस्मानसागर १९२० साली आणि तिची उपनदी ईसी हिच्यावरील हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला. पूर अडविण्यासाठी बांधलेल्या या जलाशयांनी पुढे कित्येक दशके शहराची तहानही भागविली.

असे काम हाती घेणाऱ्यास दोन प्रश्नांची उत्तरे आधी शोधावी लागतात. या भागात जास्तीत जास्त किती पाऊस कोसळू शकेल? आणि लागोपाठ किती वर्षे तो दगा देऊ शकेल? मोठे धरण असो, गावतळे असो वा शिवारातील बांधबंदिस्ती असो, प्रश्न हेच असतात. त्यांची उत्तरे जुन्या नोंदींवरून द्यावयाची असतात. तेव्हा या नोंदी किती जुन्या आहेत, हे पाहणे अगत्याचे ठरते.

दीडशे वर्षांची मर्यादा

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. सबंध देशाच्या मोसमी पावसाची सलग आकडेवारी १८७१ पासून उपलब्ध आहे. काही थोड्या शहरांतील नोंदी याहून जुन्या आहेत. तथापि पर्जन्यमापकाची साक्ष सामान्यतः दीडशे वर्षांच्या पलीकडे जात नाही. दीडशे वर्षे म्हणजे शेतकरी कुटुंबाच्या जेमतेम पाच-सहा पिढ्या. मोसमी वारे मात्र हजारो वर्षांपासून या भूमीवर येत आहेत.

लोकस्मृती पर्जन्यमापकापेक्षा मागे जाते. इ. स. १३९६ च्या सुमारास सुरू होऊन बारा वर्षे चाललेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण महाराष्ट्राने पिढ्यान् पिढ्या जपली आहे. उपासमारीने गांजलेल्या रयतेसाठी बादशाही कोठारे खुली करणाऱ्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथाही घरोघर ठाऊक आहे. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ अनुभवला त्यांना दोन-तीन वर्षांच्या अवर्षणाने काय होते हे सांगावयास नको. मग बारा वर्षांचा दुष्काळ ही लोकांनी केलेली अतिशयोक्ती समजावी, की खरोखर घडलेली घटना? या प्रश्नाचा निर्णय स्मृतीवर सोडता येत नाही. त्यासाठी तटस्थ साक्षीदार हवा. निसर्गात असे साक्षीदार अनेक आहेत.

साक्षीदाराची पात्रता

सज्जाच्या दप्तरात पीकपाहणीची नोंद दरसाल होते, त्याचप्रमाणे निसर्गातही काही ठिकाणी वर्षामागून वर्षे नोंदी साठत असतात. अशा नोंदीस शास्त्रज्ञ तीन कसोट्या लावतात. पहिली, ती क्रमाने, थरावर थर अशी साठलेली असावी. दुसरी, त्या त्या काळच्या पावसाची वा उष्णतेची काही खूण तिच्यात उतरलेली असावी. तिसरी, तिचा काळ ठरविता यावा.

काळ ठरविण्याच्या पद्धतींपैकी कार्बन-१४ ची पद्धत सर्वांत परिचित आहे. प्रत्येक सजीवाच्या शरीरात किरणोत्सर्गी कार्बनचा अल्पसा अंश असतो. जीव मेला की त्याची भर थांबते व साठा घटू लागतो; ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. लाकूड, शंख-शिंपले किंवा पानांचे अवशेष यांत तो किती उरला आहे हे मोजून सुमारे पन्नास हजार वर्षांपर्यंतचे वय काढता येते. गुहांतील चुनखडीच्या स्तंभांसाठी युरेनियम व थोरियम यांच्या प्रमाणाचा उपयोग करतात. वृक्षांच्या बाबतीत तर वलये मोजली म्हणजे पुरे.

खडकात मुरलेली उष्णता

पहिला साक्षीदार हैदराबादच्याच शास्त्रज्ञांनी बोलता केला आहे. या शहरात १९६१ साली स्थापन झालेली राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आहे. भूगर्भातील उष्णतेचा अभ्यास हा या संस्थेच्या कार्याचा एक प्रमुख भाग होय. खनिजांच्या वा पाण्याच्या शोधार्थ खणलेल्या खोल विंधनछिद्रांत अतिशय संवेदनशील तापमापक सोडून ठरावीक अंतरावर तापमान मोजले जाते.

जमिनीत खाली जावे तसे तापमान वाढत जाते, आणि ही वाढ साधारणपणे एकसारखी असते. परंतु वरच्या शे-दीडशे मीटरांत ती सरळ रेषा किंचित वाकलेली आढळते. याचे कारण असे की, जमिनीच्या पृष्ठभागावरील उष्णता खडकात अत्यंत सावकाश मुरते. दिवसाचे ऊन फूट-दोन फुटांपलीकडे जात नाही. उन्हाळा-हिवाळ्याचा फरक पंधरा-वीस मीटरांवर नाहीसा होतो. म्हणूनच खोल विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट व उन्हाळ्यात गार लागते. मात्र पृष्ठभागाचे तापमान शंभर वर्षे हळूहळू वाढत राहिले, तर ती ऊब शंभर मीटरांहून खाली पोहोचते आणि तेथे टिकून राहते. रेषेचा वाक मोजून गेल्या शतकातील तापमानवाढीचे गणित मांडता येते.

देशाच्या निरनिराळ्या भागांतील सुमारे सत्तर विंधनछिद्रांच्या मोजमापांवरून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, गेल्या दीडशे वर्षांत भारतातील जमिनीचे तापमान सरासरीने सुमारे ०.९ अंश सेल्सियसने वाढले आहे. हवामान केंद्र कधीच नव्हते अशा माळरानांवरील खडकांनीही ही वाढ जपून ठेवली आहे, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य. परंतु एकेका वर्षाचा हिशेब खडक देत नाही. जुने तपशील त्यात पुसट होत जातात. त्यासाठी दुसरीकडे जावे लागते.

सागाची वलये आणि गुहेतील स्तंभ

सागाचा बुंधा कापला असता एकात एक वलये दिसतात. प्रत्येक वलय म्हणजे वाढीचे एक वर्ष. चांगल्या पावसाच्या वर्षी वलय रुंद होते, अवर्षणाच्या वर्षी अरुंद राहते. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ठाण्याच्या परिसरातील सागापासून या अभ्यासास हात घातला. पुढे केरळातील जुन्या सागवृक्षांवरून त्यांनी इ. स. १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची सलग मालिका तयार केली. दुष्काळी वर्षे तीत अरुंद वलयांच्या रूपाने ओळखू येतात. त्यासाठी झाड पाडण्याची आवश्यकता नसते. पोकळ गिरमिटाने पेन्सिलीएवढा नमुना काढला तरी काम भागते.

सागाची साक्ष दुर्गादेवीच्या दुष्काळाच्या थोडी अलीकडे येऊन थांबते. तेथून पुढे गुहा बोलू लागतात. छत्तीसगढमधील जगदलपूरजवळ, कांगेर खोऱ्यात दंडक नावाची चुनखडकाची गुहा आहे. गुहेच्या छतातून पावसाचे पाणी थेंब थेंब ठिबकते. प्रत्येक थेंब चुन्याचा सूक्ष्म कण मागे ठेवतो, आणि शतकानुशतके असे कण साठून जमिनीवर स्तंभ उभा राहतो. पाण्यातील ऑक्सिजन हलका व जड अशा दोन प्रकारचा असतो. मोसमी पाऊस जोरदार असेल तेव्हा त्या पाण्यात जड ऑक्सिजनचे प्रमाण घटते. पाऊस कमी असेल तेव्हा ते वाढते. स्तंभाच्या थराथरांत हे प्रमाण जसेच्या तसे बंदिस्त होते.

दंडक गुहेतील स्तंभावरून इ. स. ६०० ते १५०० या नऊशे वर्षांच्या पावसाचा आलेख तयार करण्यात आला व तो २००७ साली प्रसिद्ध झाला. चौदाव्या शतकात आणि पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाऊस वारंवार व दीर्घकाळ घटल्याचे त्यात स्पष्ट दिसते. इतिहासात नोंदलेले भीषण दुष्काळ, दुर्गादेवीचा दुष्काळ धरून, याच कालखंडात येतात. लोकस्मृतीची साक्ष अशा रीतीने दगडाच्या साक्षीशी जुळली. वर्षानुवर्षे रेंगाळणारी अवर्षणे दख्खनमध्ये येऊ शकतात, हा त्याचा अर्थ होय. दीडशे वर्षांच्या सरकारी नोंदींत त्या तोडीचे अवर्षण नाही, एवढ्यावरून ते येणारच नाही असे मानणे धोक्याचे आहे.

लोणारच्या तळाशी

याहून मागे जावयाचे असल्यास बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराकडे वळले पाहिजे. उल्कापाताने बेसाल्ट खडकात निर्माण झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. झरे व ओढे यांचे पाणी आत येते, बाहेर जाण्यास मात्र वाट नाही. ते केवळ बाष्पीभवनाने कमी होते. त्यामुळे पाऊस वाढला की सरोवर भरते व घटला की ते आटून अधिक खारट होते. काठावरची माती, पाने आणि परागकण दरसाल तळाशी जाऊन बसतात.

भारतीय व जर्मन शास्त्रज्ञांनी २००८ साली या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा उभा नमुना काढला. त्यात सुमारे अकरा हजार वर्षांचा इतिहास सामावला आहे. गाळाच्या काही थरांत गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक सापडले. पाणी फार आटून क्षार दाट झाल्याखेरीज ते तयार होत नाहीत. म्हणजे हे स्फटिक हीच अवर्षणाची मोहोर होय. या व इतर खुणांवरून दोन प्रदीर्घ कोरडे कालखंड निश्चित करण्यात आले. पहिला आजपासून सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. पहिल्या कालखंडाची खूण मेघालयातील मावम्लुह गुहेतही आढळली. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या भूशास्त्रीय कालखंडास २०१८ साली आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, तेव्हा याच गुहेतील स्तंभ प्रमाण मानून त्यास 'मेघालयन' हे नाव देण्यात आले.

गोदावरीने वाहून नेलेली माती

गोदावरी त्र्यंबकेश्वरापाशी उगम पावते, मराठवाडा व तेलंगण ओलांडते आणि आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरास मिळते. वाटेत ती जी माती उचलते तिचा थर समुद्राच्या तळावर बसतो. गोदावरीच्या मुखासमोरील खोल समुद्रातून २००६ साली काढलेला गाळाचा नमुना या दृष्टीने मोलाचा ठरला. आपल्या शिवारांचा अकरा हजार वर्षांचा इतिहास त्यात साठलेला आहे.

पानांवर मेणाचा जो पातळ लेप असतो तो मातीतही हजारो वर्षे नष्ट होत नाही. वृक्षांच्या पानांवरील मेण आणि उष्ण-कोरड्या हवेत तगणाऱ्या गवतांचे मेण यांतील कार्बनची घडण वेगळी असते. ज्वारी आणि बाजरी या गवतांच्याच गोत्रातील. समुद्रतळातील मेणाचे पृथक्करण केले असता असे दिसले की, सुमारे ४,००० ते १,७०० वर्षांपूर्वीच्या काळात गोदावरी खोऱ्यातील वनस्पती टप्प्याटप्प्याने कोरडवाहू वळणाच्या होत गेल्या.

याच नमुन्याच्या पुढील अभ्यासातून, २०१७ साली, आणखी एक गोष्ट उजेडात आली. आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. पाऊस कमी झाला तर जमिनीची धूपही कमी होईल, असे सहज वाटते. प्रत्यक्षात याच्या उलट घडले. पाऊसमान घटले तसे झाडझाडोऱ्याचे आच्छादन विरळ झाले आणि जो काही पाऊस येई तो उघड्या जमिनीवर कोसळून माती वाहून नेऊ लागला. पुढे दख्खनच्या पठारावर शेती सुरू झाली, लोहयुगात ती विस्तारली, तेव्हा या धुपेत आणखी भर पडली. आपल्या काळ्या मातीचा एक वाटा अशा प्रकारे हजारो वर्षांपूर्वीच समुद्रार्पण झाला आहे.

समुद्र कोठवर होता?

पावसाप्रमाणेच समुद्राचेही दप्तर आहे. मुंबईत १८७० नंतरच्या दशकात प्रिन्सेस गोदीचे खोदकाम चालू असता समुद्राच्या चिखलाखाली शेकडो झाडांचे बुंधे सापडले. त्यांपैकी पुष्कळ मुळांसह उभे होते आणि लाकूड खैराचे होते. खैर समुद्रात उगवत नाही. ती जागा एके काळी कोरडी जमीन होती हे उघड झाले. मात्र येथे एक पेच उभा राहतो. समुद्र वर चढला म्हणावे, की जमीन खाली खचली? एकाच ठिकाणच्या पुराव्यावरून हे सांगता येत नाही. अनेक किनाऱ्यांवरील पुरावे जुळवून पाहावे लागतात.

या कामी प्रवाळ फार उपयोगी पडतात. काही जातींचे प्रवाळ उथळ, प्रकाशमय पाण्यातच वाढतात. असे मृत प्रवाळ शंभर मीटर खोलीवर सापडले व त्यांचे वय काढले, की त्या काळी समुद्राचा पृष्ठभाग कोठे होता हे समजते. वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटाजवळील प्रवाळांवरून १९८९ साली असे दाखविण्यात आले की, गेल्या हिमयुगाच्या ऐन भरात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. हे सारे पाणी गेले कोठे? ते उत्तर अमेरिका व युरोप यांवरील प्रचंड हिमस्तरांत गोठून राहिले होते. समुद्रतळावरील फोरॅमिनिफेरा नामक सूक्ष्म जीवांचे कवचही हेच सांगते, कारण हिमस्तर वाढले की समुद्रात जड ऑक्सिजन अधिक उरतो आणि तो कवचात उतरतो.

आपल्या पश्चिम किनाऱ्याची अशी मोजदाद १९६६ साली स्थापन झालेल्या गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केली. किनाऱ्यापासून दूर, पाण्याखालील पठारावर तिच्या संशोधकांना उथळ पाण्यातच तयार होणारे चुनखडीचे गोल कण व प्रवाळ यांचे अवशेष मिळाले. त्यांच्या कालमापनावरून १९९५ साली प्रसिद्ध झालेला आलेख असा : सुमारे १४,५०० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा शंभर मीटर खाली होता. १२,५०० वर्षांपूर्वी तो ८० मीटरांपर्यंत चढला व तेथे सुमारे अडीच हजार वर्षे स्थिरावला. त्यानंतर, १०,००० ते ७,००० वर्षांपूर्वीच्या काळात, तो हजार वर्षांस सुमारे वीस मीटर या वेगाने वर आला. म्हणजे एका शतकात दोन मीटर. गेली सात हजार वर्षे तो थोड्याफार चढउतारांसह आजच्या पातळीच्या आसपास आहे. हिमयुगात आजच्या मुंबईपासून दोनशे किलोमीटरहून अधिक पश्चिमेस जमीनच होती.

आपली सारी बंदरे, खाजणे आणि कोळीवाडे या शांत सात हजार वर्षांतील आहेत. मुंबईच्या अपोलो बंदरात १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद ठेवली जात आहे. जगभरच्या नोंदींवरून १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, आणि अलीकडच्या दशकांत या वाढीचा वेग अधिक आहे. हैदराबाद येथेच १९९९ साली स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आज समुद्राच्या हालचालींवर अहोरात्र लक्ष ठेवून किनाऱ्यावरील जनतेस व मच्छीमारांना सूचना देते. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या या शहरात समुद्राची राखण होते, हे पुष्कळांना नवल वाटेल.

एका साक्षीवर निवाडा नाही

येथे वाचकांच्या मनात शंका येणे साहजिक आहे. या खुणांचा भलताच अर्थ लावला जाणार नाही कशावरून? ही शंका शास्त्रज्ञांनाही असते. वलय अरुंद होण्यास कीडही कारण होऊ शकते. विंधनछिद्राजवळचे जंगल तुटले तरी जमीन तापते. गाळाच्या कालगणनेत शेकडो वर्षांची चूक संभवते. म्हणून एका साक्षीदारावर निवाडा दिला जात नाही. लोणार व गोदावरी यांच्या तारखा तंतोतंत जुळत नाहीत. परंतु चार हजार वर्षांपूर्वीपासून दख्खन कोरडे होत गेले, याविषयी दोघांचे एकमत आहे. पुरातत्त्वाचा पुरावाही याच दिशेने बोट दाखवितो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात घोड नदीकाठी इनामगाव येथे उत्खनन केले. तेथील ऐसपैस चौकोनी घरे जाऊन शेवटच्या काळात लहान गोल झोपड्या आल्याचे आढळले. वाढत्या अवर्षणाने शेती खालावली, हे उत्खनन करणाऱ्या डॉ. म. के. ढवळीकर यांनी त्याचे कारण मानले होते.

दप्तर जपू या

या साऱ्याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध अगदी निकटचा आहे. टंचाई आराखडा तयार करताना एका वाईट वर्षाचा विचार केला जातो; निसर्गाचे दप्तर सांगते की लागोपाठच्या अनेक वाईट वर्षांचाही विचार हवा. किनाऱ्यावर बांधकामास परवानगी देताना आजची भरतीरेषा कायमची मानून चालणार नाही. आणि बांधबंदिस्ती, गवताचे आच्छादन व बांधावरची झाडे यांची गरज सुकाळात जितकी, त्याहून अवर्षणात अधिक आहे. गोदावरीच्या गाळाने हे सिद्ध करून दाखविले आहे.

शिक्षकांना हा विषय खडू-फळ्याशिवायही शिकविता येईल. ओढ्याच्या दरडीतील मातीचे थर, सुताराकडील सागाचा तुकडा, काचेच्या बरणीत निवळणारे गढूळ पाणी, एवढी साधने पुरेशी आहेत. पाझर तलावाचा गाळ काढताना किंवा विहीर खणताना जुने लाकूड, शंख-शिंपले अथवा निराळ्या रंगाचा थर आढळल्यास ते फेकून देऊ नये. किती खोलीवर सापडले याची नोंद करून ठेवावी आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयास अथवा जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्र विभागास कळवावे. थर एकदा विस्कटला की त्यातील नोंद कायमची पुसली जाते. गावच्या वहीत ज्याची नोंद कोणी केली नाही असा एखादा जुना दुष्काळ त्याच थरात लिहिलेला असू शकेल.